लेकाचे सासर

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण कुणी तयार केली कोण जाणे. तिच्या जोडीला ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही दुसरीही आहेच. पहिली तोऱ्याची, दुसरी निरुपायाची. आणि आम्ही परभणीकर दोन्ही सारख्याच प्रेमाने सांगत आलो आहोत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र पहिल्या म्हणीतला विनोद हळूहळू ओसरला. आमची मुले खरोखरच जर्मनीत पोचली. कुणाचा मुलगा म्युनिकला, कुणाची मुलगी ॲमस्टरडॅमला, तर कुणाचे मुलगा-सून लंडनला. कृषी विद्यापीठाच्या आवारात सकाळी फिरायला येणाऱ्या पेन्शनरांच्या घोळक्यात पूर्वी महागाई भत्ता आणि गुडघेदुखी हे दोनच विषय असत. आता तिसरा आला आहे : व्हिसा.

मुलाकडे जाऊन आलेला माणूस पहिले आठ दिवस जरा भाव खाऊन असतो. चॉकलेटे वाटली जातात. फ्रिजच्या दारावर बिग बेन नाही तर आयफेल टॉवर चिकटतो. मग मोबाइलमधले फोटो निघतात. मागे एखादी जगप्रसिद्ध इमारत; पुढे साडीवर स्वेटर आणि पायांत पांढरे बूट घातलेल्या वहिनी, शेजारी कानटोपीतले भाऊसाहेब. दोघेही शाळेच्या फोटोतल्यासारखे ताठ. घरोघरचे हे फोटो इतके सारखे असतात की अदलाबदल झाली तरी कळू नये. आणि या सगळ्या फोटोंत एक माणूस सहसा दिसत नाही. फोटो काढणारा मुलगा. खरे म्हणजे त्यालाच पाहायला ही दोघे गेलेली असतात.

आईबापांना मोठे शहर दाखवणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. श्रावणबाळाने कावड खांद्यावर घेतली, तेव्हापासून हे चालू आहे. आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी ‘मुलाने काशी घडवली’ एवढ्या एका वाक्यात जन्माचे सार्थक होई. आम्हा बँकवाल्यांना एलएफसी मिळे, म्हणजे रजेवर जाताना प्रवासभाड्याची सवलत. त्या सवलतीच्या जोरावर १९८०च्या दशकात मीही आई-वडिलांना काशीला नेले. तेव्हा आमच्याकडे मीटरगेज. मनमाडला छोटी गाडी सोडून मोठी धरायची. ट्रंक, वळकटी, दशम्यांचा डबा असा सगळा संसार बरोबर. दशाश्वमेध घाटावर मी वडिलांना गंगेचे पात्र, नावा, आरती दाखवत होतो. ते ऐकत होते आणि मध्येच म्हणाले, ‘‘तुझी बदली कामून होऊ लागली रे घडीघडी? साहेबाचं अन् तुझं जमतं ना?’’ मी त्यांना काशी दाखवत होतो आणि ते मला पाहत होते.

आपल्या घरांत याहून जुनी एक रीत आहे. मुलीचे लग्न झाले की काही दिवसांनी बाप काहीतरी निमित्त काढून तिच्या सासरी जाई. कित्येक घरांत मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे पाणीही पीत नसत. तो यायचा, ओसरीवर टेकायचा, व्याह्याशी पाऊसपाण्याचे बोलायचा आणि बोलता बोलता डोळे फिरवून घ्यायचा. रांजण भरलेला आहे का, गोठ्यात जनावर किती, लेकीच्या हातावर भाजल्याची खूण तर नाही, सासू हाक मारते तेव्हा आवाज कसा लावते. परत आल्यावर घरातली बाई एकच प्रश्न विचारी, ‘‘नांदते ना?’’ यात सगळे आले. नांदणे म्हणजे नुसते राहणे नव्हे. परक्या घरात आपली जागा होणे म्हणजे नांदणे.

आता मुलगेही नांदायला जातात. माझ्या मुलाचे खरे सासर जालन्याला आहे; पण मी म्हणतो ते निराळे. ज्या देशात त्याने घर मांडले, जिथले कायदे, हवामान आणि साहेब त्याला सांभाळून घ्यावे लागतात, तो देश म्हणजे त्याचे सासर. आईबाप तिथे जातात ते मनातून बिग बेन पाहायला जात नाहीत. नांदतो का, ते पाहायला जातात. पण हे बोलायचे कसे? म्हणून बिग बेनचे निमित्त.

आम्ही दोघे लंडनला गेलो त्याची सुरुवात कागदपत्रांनी झाली. नोकरीत असताना लोकांना खात्यावरील शिलकेचे दाखले देऊन त्यांवर सह्या-शिक्के करण्यात माझी किती वर्षे गेली. व्हिसासाठी आता माझेच दाखले गोळा झाले. पण त्या चळतीत सर्वांत वर होते ते मुलाचे पत्र : हे माझे आईवडील आहेत, यांच्या राहण्या-जेवण्याची जबाबदारी माझी. खाली सही. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर मी त्याच्यासाठी ज्या रकान्यात सही करत असे, तो रकाना आता त्याच्याकडे गेला होता.

तिथे मुलांना सोमवार ते शुक्रवार काम. त्यामुळे महिनाभराचा मुक्काम असला तरी शहर पाहायचे ते शनिवार-रविवारच. त्या शनिवारी सूनबाईंची हॉस्पिटलात ड्यूटी होती, म्हणून आम्ही तिघेच निघालो. मुलाने सगळी यादी मोबाइलवर मिनिटांसह मांडली होती. तो राहतो हॅरोला. तिथून जमिनीखालच्या रेल्वेने वेस्टमिन्स्टर. लंडनची ही पहिली भुयारी रेल्वे १८६३ सालची. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ साली. ‘‘म्हणजे भूमिगत होण्यातच ते पुढे,’’ असे मी म्हणालो. मुलगा हसला, पण एक डोळा घड्याळावर ठेवून.

बिग बेन हे घड्याळाचे नव्हे, आतल्या मोठ्या घंटेचे नाव, आणि मनोऱ्याला २०१२पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात, हे त्याने सांगितले. पार्लमेंट चौकात गांधीजींचा पुतळा आहे, २०१५ साली बसवलेला. तिथे सौभाग्यवतींनी चप्पल काढून नमस्कार केला, बाजूचे गोरे लोक थबकून पाहू लागले आणि मुलगा जरा अवघडला. पण दुसऱ्या क्षणी त्यानेच आईची पर्स धरली.

नंतर टॉवर ऑफ लंडन. तिकीट माणशी पस्तीस पौंडांच्या आसपास. एका पौंडाला शंभरावर रुपये, हा हिशेब सौभाग्यवतींना बँकेत न जाताही पाठ झाला होता. ‘‘आपल्याकडं एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे की,’’ त्या म्हणाल्या. आत कोहिनूर. गोवळकोंड्याच्या मुलखातल्या खाणीतून तो निघाला असे मानतात. म्हणजे पुढे निजामाच्या हैदराबादेखाली नांदलेल्या आम्हा मराठवाड्यातल्या लोकांचा तो लांबचा शेजारीच. १९३७ साली राणी एलिझाबेथसाठी, म्हणजे नंतरच्या राजमातेसाठी, केलेल्या मुकुटात तो बसवला आहे. मुकुटांपुढे सरकता पट्टा आहे. माणूस उभा राहतो आणि पट्टाच त्याला पुढे नेतो. हिऱ्यासमोर मिळतात ते काही क्षण. सौभाग्यवतींनी त्या वेळात हिऱ्याकडे एकदा आणि पुढे उभ्या मुलाच्या विरळ होत चाललेल्या केसांकडे दोनदा पाहिले, हे मी पाहिले.

वाटेत एक स्टेशन लागले, त्याचे नावच ‘बँक’. वर बँक ऑफ इंग्लंड, १६९४ सालची. आपल्या रिझर्व्ह बँकेहून जवळजवळ अडीचशे वर्षांनी थोरली. तिचे संग्रहालय पाहण्याची माझी फार इच्छा. पण ते उघडे असते सोमवार ते शुक्रवार. बँकवाल्याने बँकेपुढे यावे आणि सुट्टी असावी, हा अनुभव ग्राहकांना नेहमीचा, मला मात्र नवा होता.

दुपारी बोटीने ग्रिनिच. जगाच्या वेळेची रेषा जिथून मोजतात ती जागा. जमिनीवर पट्टी आहे, दोन बाजूंना दोन पाय ठेवून लोक फोटो काढतात. परभणी त्या रेषेच्या पूर्वेला सुमारे ७७ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे धरली तर सूर्य आमच्याकडे पाच तास सात-आठ मिनिटे आधी माथ्यावर येतो. घड्याळातला फरक साडेपाच तासांचा, आणि त्यांचा उन्हाळा लागला की साडेचार तासांचा. हे गणित मला त्या पट्टीवर शिकावे लागले नाही. ज्या घरचे मूल तिकडे गेले, त्या घरच्या बाईला ते केव्हाच येते. आमच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळे आहेत. मार्चअखेरीस आणि ऑक्टोबरअखेरीस दुसऱ्या घड्याळाचा काटा फिरवण्याचे काम माझ्याकडे. लंडन पाहण्याच्या कितीतरी आधी आम्ही लंडनच्या वेळेत राहायला लागलो होतो.

संध्याकाळी परतताना पाय भरून आले. गर्दीत मुलगा पुढे चाले, चार पावलांनी थांबे, मागे वळून आम्ही दोघे आहोत ना हे पाही. परभणीत दर फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो. त्या जत्रेत मी त्याला असाच बोट धरून चालवत असे आणि असाच मागे वळून पाहत असे. तो तेव्हा चिडायचा, ‘‘बाबा, मी हरवत नाही.’’ आता मला ते वाक्य म्हणायचे होते. म्हटले नाही. त्याला वळून पाहू दिले.

रविवारच्या यादीत राजवाडा आणि मेणाचे पुतळे होते. सकाळी चहा घेताना सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘आज तुझं लंडन दाखव.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘तू भाजी कुठं घेतोस, ऑफिसला कुठल्या बसनं जातोस, बरं नसलं तर डॉक्टर कुठं आहे. अन् आलास तेव्हा पहिल्यांदा कुठं राहिलास, ती खोली.’’

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘त्यात पाहण्यासारखं काही नाही, आई.’’ पण निघाला. आणि त्या दिवशी, आदल्या दिवशीपेक्षा कितीतरी हळू चालत, त्याने जे दाखवले ते कुठल्याच मार्गदर्शक पुस्तकात नसते. बसथांब्यावरचे कोपऱ्यातले बाक, जिथे थंडीत वारा कमी लागतो. दवाखान्याचे दार. वेम्ब्लीचा ईलिंग रोड, जिथे गुजराती दुकानांत मेथी, तूरडाळ आणि कढीपत्ता मिळतो. शेजारच्या घरी एक वृद्ध आयरिश बाई एकटी राहते. दर आठवड्याला तिचे कचऱ्याचे डबे हा रस्त्यावर नेऊन ठेवतो. हे ऐकून त्याच्या आईला आनंद झाला. आणि मग ती बराच वेळ बोलली नाही. परभणीत आमचा गॅसचा सिलिंडर आत आणून ठेवतो तो शेजारच्यांचा मुलगा. जगात हिशेब असा जुळतो. जमा एका खात्यात, नावे दुसऱ्याच.

पहिली खोली वेम्ब्लीतच, एका घराच्या माळ्यावर. आत जाता येणार नव्हते, खालूनच खिडकी दाखवली. स्वयंपाकघर पाच जणांत एक. त्या दिवसांत फोनवर तो ‘सगळं मस्त आहे’ म्हणायचा, आणि आम्हीही ‘इकडं सगळं मस्त’ म्हणायचो. त्याच महिन्यांत सौभाग्यवतींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. ती त्याला झाल्यावर सांगितली. खिडकीखाली उभे राहून दोन्हीकडचे ‘मस्त’ पहिल्यांदा उघडे पडले. कुणी कुणाला बोल लावला नाही. आईने एवढेच विचारले, ‘‘पांघरूण पुरत होतं का?’’

तिथून मी त्यांना एका ठिकाणी नेले. यादीतली ही एक जागा माझी. चॉक फार्मजवळ किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचे घर आहे. १९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले, आणि आता तिथे त्यांचे स्मारक आहे. बँकेतल्या माणसाला या घराची ओढ वाटण्याचे खास कारण आहे. रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा प्रबंध लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला, १९२३ साली लंडनलाच छापून निघाला. शिक्षण अर्ध्यावर सोडून १९१७ साली त्यांना परतावे लागले होते. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि एका मित्राकडून घेतलेली रक्कम यांवर ते १९२० साली पुन्हा गेले. रात्री अभ्यासात भूक लागली की ओळखीच्याने दिलेले पापड भाजून खात, असे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. आणि इकडे मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत घर चालवत होत्या.

घराच्या भिंतीवर निळी गोल पाटी आहे. लंडनमध्ये अशा पाट्या आपल्या आणखीही माणसांच्या आहेत. लोकमान्य टिळकांची मैदा व्हेल भागात हौली प्लेसला, सावरकरांची हायगेटला. महाराष्ट्र मंडळही तिथे १९३२पासून आहे. मराठी माणूस या शहराला नवा नाही. फक्त पाटीवर राहणाऱ्याचे नाव असते. घरी वाट पाहणाऱ्याचे नसते. इतक्या थोर माणसाच्या घरापुढे आपल्या लेकराच्या माळ्यावरच्या खोलीची आठवण यावी, हे कुणाला लहान तोंडी मोठा घास वाटेल. पण परदेशातली थंडी आणि घरची काळजी यांत थोर-लहान नसते.

परतीच्या गाडीत सौभाग्यवतींनी जो प्रश्न इतके दिवस राखून ठेवला होता तो विचारला : ‘‘आम्हाला इथं येऊन राहता येतं का रे?’’ मुलाने सरळ सांगितले. पाहुणे म्हणून एका वेळी साधारण सहा महिने. कायमचे यायचे तर २०१२पासूनचा नियम फार कडक आहे. आईबापांना रोजच्या साध्या कामांसाठीही दुसऱ्याची दीर्घकाळ शुश्रूषा लागते, आणि ती मायदेशी मिळू शकत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावे लागते. थोडक्यात, हातपाय चालतात तोवर राहू देत नाहीत, आणि हातपाय थकल्यावर विमानात कोण बसवणार? लेकीच्या सासरी बाप पाहुणा असे तो रीतीने. लेकाच्या सासरी आम्ही पाहुणे, ते कायद्याने. तो सांगत होता तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता, म्हणजे हा नियम त्याने आमच्याही आधी, एकट्याने, शोधून वाचला होता.

परभणी जिल्ह्याला मुले दूर ठेवण्याची सवय जुनी आहे. गंगाखेडची जनी लहानपणी आईवडिलांबरोबर पंढरपूरला गेली आणि दामाशेटींच्या घरी राहिली, ती तिकडचीच झाली, असे परंपरा सांगते. आजही आमच्या भागातली कितीतरी माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि लेकरे आजी-आजोबांपाशी राहतात. विमानाने जाणारे त्यामानाने मोजकेच. पण चाकणच्या कारखान्यात काम करणारा मुलगा आईबापांना दोन दिवसांसाठी पुण्याला बोलावतो, शनिवारवाडा आणि दगडूशेठ दाखवतो आणि स्वतःची खोली दाखवायची टाळतो, तेव्हा गोष्ट तीच असते. मुलाला वाटते, आपले चांगले तेवढे दिसावे. आईबापांना वाटते, विचारले तर त्याला टोचेल. मग दोघे मिळून शनिवारवाडा पाहतात.

म्हणून मुलांना माझे सांगणे, आईवडील आले की एक दिवस शहर दाखवा आणि एक दिवस आपले जगणे. आणि आईबापांना सांगणे असे की, पाहून झाल्यावर ‘बरं आहे तुझं’ हे तोंडाने म्हणा. ते ऐकण्यासाठीच त्याने एवढी तिकिटे काढलेली असतात.

पण अर्धे काम राहतेच. मुले दिवाळीला आठ दिवस येतात तेव्हा आपण त्यांना काय दाखवतो? अनारसे, चुलत्यांची घरे आणि नवे मॉल. त्यांनी सोडलेली परभणी आता राहिलेली नाही आणि आपणही ते राहिलेलो नाही. बँकेच्या टेबलामागे बसून मी कितीतरी मुलांना पाहिले आहे. वडील गेल्यावर परदेशातून धावत आलेली, हातात एक जुने पासबुक, आणि बाकी खाती किती, कुठे, वारस कोण लावला आहे, काहीच ठाऊक नाही. पैसे मिळतात हो उशिरा का होईना. पण ‘आपल्याला बापाचं काहीच माहीत नव्हतं’ हा भाव त्या चेहऱ्यावरून लवकर जात नाही. तेव्हा त्या आठ दिवसांतला एक दिवस आपणही त्यांना आपले गाव दाखवावे. आपला डॉक्टर कोण, गोळ्या कुठल्या, सातबारा कुठल्या पिशवीत, रात्री-अपरात्री शेजारच्या कुणाला हाक मारायची, त्या शेजाऱ्याचा नंबर. खात्यावर वारसाचे नाव आहे ना, हे तपासावे. २०२५च्या नोव्हेंबरपासून तर एका खात्याला चार जणांपर्यंत नावे लावता येतात. यात अभद्र काही नाही.

बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. एकट्याने तिजोरी उघडत नाही. बदली झाली की जाणारा येणाऱ्याला समोर बसवून चार्ज देतो. किल्ली, रोकड, रजिस्टरे, आणि खाली दोघांच्या सह्या. घरात असा चार्ज द्यायला कुणी कधी बसवत नाही. एक किल्ली आता परभणीत आहे आणि दुसरी हॅरोला. आपल्या किल्लीने काय उघडते, एवढे तरी दोघांनी एकमेकांना वेळेवर दाखवून ठेवलेले बरे.